चौथीचा मास्तर

मास्तरकी करता करता मी शाळा तपासणारा साहेब झालो, तेव्हाची गोष्ट. मास्तर कुठं पाठवायचे तेही आता माझ्याच हातात होतं. पहिल्या तपासणीला हातकणंगले स्टेशनवर उतरलो, तर शाळेचा गाडीवान म्हणाला, "पावणं, सरका. सायेब यायचं हाईत." मी चालत शाळा गाठली.

हेडमास्तर धावत आले. "आलासा? वरीस झालं मास्तर मागतोय. चौथी धरा, आज तपासणी हाय."

मी काही बोलणार, तोवर पोरं उठून उभी राहिली. पोरं उभी राहिली की मला शिकवावंच लागतं.

संध्याकाळी बैलगाडी रिकामीच परतली. हेडमास्तर म्हणाले, "सायेब आलंच न्हाईत. सुटलो."

"साहेब मीच."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, माफी मागतील.

"म्हंजे मास्तर न्हाईच आला की."