सळी मी निवडली होती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष म्हणजे आपले मालक, मंचावरचे मान्यवर पाहुणे, सत्काराचे मानकरी मामा, आणि समोर बसलेले भट्टीवरचे, ओवणीवरचे, पॅकिंगचे माझे सगळे सोबती, सर्वांना माझा नमस्कार.

मला चार मिनिटं दिली आहेत. ऑफिसातल्या क्लार्कभाऊंनी कागदही लिहून दिलाय, छान अक्षरात. मामा म्हणजे चालतंबोलतं विद्यापीठ, असं त्यात आहे. मी चौथीपर्यंत शिकले, विद्यापीठ काही बघितलेलं नाही. मामा बघितलेत. तेव्हा कागद ठेवते बाजूला.

पाहुण्यांना आमचं काम माहीत नसेल. काचेचा मणी आम्ही स्टीलच्या सळीवर करतो. सळीला मातीचा लेप द्यायचा, वाळवायचा, मग ज्योतीवर काच वितळवून तिच्याभोवती गुंडाळायची. गार झाल्यावर मणी ओढून काढला, की जेवढी सळी तेवढं भोक. मागाहून भोक वाढवायला गेलं तर मणी तडकतो. म्हणून मणी कशात ओवायचा ते आधी बघायचं आणि मगच सळी उचलायची. दीड मिलिमीटरची, अडीचची, का तीनची? दिसायला फरक केवढासा! पण तो फरक इथे तीस वर्षं एकट्या मामांनी सांभाळला.

नवीन होते तेव्हा मी म्हटलं होतं, "मामा, सगळ्याला एकच सळी घ्या की. डोक्याला ताप नुसता."

"तुझ्या घरी सगळ्यांना मिळून एकच चप्पल आहे का गं, तोफे?" तेव्हापासून मी तोफ.

मालक आत्ता फार चांगलं बोलले. मामांची नजर अधू झाली, गेल्या महिन्यात ब्रेसलेटच्या मण्यांना चुकीची सळी निवडली गेली, सगळा माल परत आला, आता मामांनी विश्रांती घ्यावी. टाळ्याही पडल्या. मी नाही वाजवल्या.

मालक, ती सळी मामांनी निवडली नव्हती. मी निवडली होती.

थांबा क्लार्कभाऊ, माईकला हात लावू नका. चार मिनिटं माझी आहेत.

त्या दिवशी मामा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. जाताना बजावून गेले, "अडीचची घे. ब्रेसलेटवाले गिऱ्हाईक दोर प्रत्येक मण्यातून परत फिरवून गाठ मारणार आहेत. दोनदा जायला पाहिजे." मला घाई. बारीक सळी लवकर तापते, मणी पटकन होतो. मी दीडची घेतली. एका मण्यात दोर घालून बघितला, गेला. दुसऱ्यांदा घालून बघायला माझा काय हात मोडला होता?

चार हजार मणी झाले. एकातूनही दोर परत फिरेना.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सळी कोणी निवडली?" सासूसमोर कधी थांबली नाही ती माझी जीभ टाळूला चिकटली. आणि मामा म्हणाले, "मी. नीट दिसत नाही आता."

जिन्यात गाठून मी विचारलं, "मामा, असं का केलंत?"

"तुझ्या पोरी शाळेत आहेत अजून. माझ्यामागे कोण आहे? जाईन भाच्याकडे."

अकरा वर्षांत ज्या भाच्याचा एक फोन नाही, त्याच्याकडे! मामा कारखान्याच्याच मागच्या खोलीत राहतात. महिनाभर मी रोज ऑफिसच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. काम गेलं तर दोन पोरींना घेऊन जाऊ कुठे? पण आज फाटकापाशी त्यांची ट्रंक बघितली. दोरीने बांधलेली. संध्याकाळची गाडी आहे.

मामा, मान हलवू नका. डोळे मिटा. पिशवीतून सळ्या आणल्यात, लेप दिलेल्या. ही धरा. किती?

"अडीच. खाली बस, तोफे."

ही?

"तीन. लेप दोनदा दिलास. जाड बसलाय."

मालक, जाडी मोजायचा कॅलिपर असतो ना तुमच्या खिशात? लावून बघा. यात डोळ्यांचं काम काय? उद्या सकाळी सळी कोण काढून देणार? मी? मी दिली की काय होतं ते तुम्ही बघितलंय.

मामांना पाठवू नका. मला काढा, झाडू हातात द्या, काय करायचं ते करा. हात जोडते. मी कोणापुढे हात जोडत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

मला बोलू दिलंत, सगळ्यांचे आभार. क्लार्कभाऊ, तुमचे जास्त. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पदरात घ्या. सळीची चूक मात्र पोटात घालू नका. मामांनी घातली, तेवढं पुरे झालं.

मालक, मी जागेवर जात नाही. तुमचं उत्तर इथेच उभी राहून ऐकते.