एका किल्लीची तीनशे कुलपं

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, व्यापारी संघाच्या ग्रंथालयातील सर्व सहकारी, आजच्या उत्सवमूर्ती आपल्या बाई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या माझ्या चतुर मित्रहो,

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. बाईंसमोर बोलायचं म्हणजे त्यातली पाच पुरावे देण्यातच जायची. तरी प्रयत्न करतो.

चौतीस वर्षांपूर्वी बाई या ग्रंथालयात टायपिस्ट म्हणून लागल्या. कुठल्याशा कंपनीचा गौरवग्रंथ टाइप करायला आला होता. दुसऱ्याच पानावर बाई थांबल्या आणि ग्रंथपालांना म्हणाल्या, "साहेब, या तारखा खऱ्या धरल्या, तर कंपनी काढली तेव्हा संस्थापक चार वर्षांचे होते."

ग्रंथपाल म्हणाले, "थोर माणसं लहानपणीच चमकतात. तुम्ही टाइप करा."

बाईंनी टाइप केलं. पण त्या दिवशी उद्योगधंद्यांच्या इतिहासाला बाईंची जी नजर लागली, ती आजतागायत उतरलेली नाही. साबण झाले, छत्र्या झाल्या, शिलाई यंत्रं झाली. चौदा ग्रंथ झाले. कुठल्याही कारखान्यात गेल्या की मालकाचं बोलणं संपायच्या आत विचारणार, "आणि त्याच्या आधी?" बाजारात त्यांचं नावच पडलं, 'त्याआधीबाई'. बाई, तुम्हाला हे ठाऊक होतं ना? नव्हतं? अरेरे. मग मी काही बोललोच नाही असं समजा.

आमचा कारखाना कुलपांचा. आजोबांनी काढलेला. 'एक कुलूप, एक किल्ली' हे आमचं ब्रीद, फाटकावर कोरलेलं. पन्नास वर्षं भरत आली तेव्हा माझ्या वडिलांनी बाईंना इतिहास लिहायला बोलावलं. वडिलांची अपेक्षा साधीच होती: आजोबांचा फोटो मोठा, मजकूर छोटा, आणि सुरकुती दोन्हींत नको. बाईंना हवं ते दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

तिसऱ्या आठवड्यात गोदामाच्या माळ्यावर बाईंना एक पेटी सापडली. आत वापरलेली, गंजलेली कुलपं. प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर आजोबांच्या अक्षरात गिऱ्हाइकाचा पत्ता आणि तारीख.

"कुलपं विकणारा माणूस जुनी कुलपं परत कशाला आणेल?" बाई म्हणाल्या.

"दुरुस्तीला आली असतील."

"तीनशे? एकाच महिन्यात?"

तळाशी एक किल्ली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. पहिलं कुलूप उघडलं. मी हसलो. दुसरं उघडलं. तिसऱ्याला तेल पाजावं लागलं, पण तेही उघडलं. विसाव्या कुलपाला माझं हसू मावळलं आणि कपाळावर घाम आला. तीनशे घरं आणि किल्ली एक! सांगा, 'एक कुलूप, एक किल्ली' या ब्रीदाचं आता काय करायचं?

बाईंनी ते दुसरं प्रकरण म्हणून लिहिलं. वडिलांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

"हे गाळा."

"का? खोटं आहे?"

"खोटं असतं तर हसलो असतो!"

"छापणारे तुम्ही," बाई म्हणाल्या, "पण मग मुखपृष्ठावरून माझं नावही गाळा." छत्री उचलली आणि गेल्या.

सोहळा हारतुऱ्यांवर उरकला. पुस्तकाचं हस्तलिखित कपाटात पडलं. वडील मात्र कोणाशी धड बोलेनात. ज्या बापाचा दाखला देऊन त्यांनी जन्मभर कामगारांना दटावलं, त्याच बापानं असं करावं? शेवटी ते थोरल्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे गेले. ती तरी हे खोटं आहे म्हणेल, ही आशा. मीही बरोबर होतो.

आत्या मटार सोलत होती. ऐकून इतकी हसली की परात कलंडली.

"अरे, तू तेव्हा पाळण्यात होतास. बाबा एकदा किल्ली कारखान्यात विसरून घरी आले. शेजारचे काका गमतीनं म्हणाले, आमची लावून बघा. लावली, तर दार उघडलं की! काका हसत घरी गेले. बाबा पायरीवरच बसले. नमुन्याची किल्ली एकच दिलेली, कारागिरानं इमानेइतबारे सगळी कुलपं तिच्याबरहुकूम केली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं दारोदार. 'नवी जात निघालीय, जुनं द्या, नवं घ्या.' पिशवी धरायला मी. एका घरी तर आमच्यावर कुत्रं सोडलं!"

"म्हणजे बाबांनी लपवलं," वडील म्हणाले.

"लपवलं. आणि तीनशे दारंही ठोठावली. लपवल्याची लाज वाटते म्हणून तू ती पायपीटही पुसायला निघालास होय रे?"

वडील खाली बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा मटार सोलू लागले. दाणे आणि टरफलं एकाच भांड्यात टाकत होते. आत्यानं त्यांना टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीन जिने चढून ते बाईंच्या घरी गेले. "छापा. बहिणीनं सांगितलं तेही घाला."

बाई म्हणाल्या, "घालते. कुत्र्याचं मात्र 'असे सांगतात' म्हणून. त्याला कागद नाही."

पुस्तक आलं. महिनाभर बाजारानं आमची यथेच्छ टिंगल केली. वडिलांनी ती सोसली. आणि पुढे कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या कारागिराला ते स्वतः दुसरं प्रकरण वाचून दाखवत, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत.

तीन वर्षांपूर्वी आमची कपाटांची नवी कुलपं दमट हवेत अडकू लागली. विक्रीप्रमुख म्हणाले, "साहेब, गुपचूप बदलून टाकू." खरं सांगतो, क्षणभर मला पटलं. घरातच दाखला होता! पण मग डोळ्यांपुढे आल्या, पदर खोचून माळ्यावर चढणाऱ्या बाई. मी वर्तमानपत्रात जाहीर निवेदन दिलं: चूक आमची, कुलपं परत करा.

सकाळीच बाईंचा फोन. "निवेदनाचा पहिला मसुदा ठेवलाय ना? त्यात काय खोडलंय ते बघायला येते."

आल्या. शब्दन् शब्द वाचला, चहा घेतला, आणि चपला घालताना म्हणाल्या, "आजोबांच्या एक पाऊल पुढे गेलात हो." मित्रहो, हार मी पुष्कळ घातले, पुष्कळ घालूनही घेतले. पण त्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी मी लहान मुलासारखा रडलो.

बाई, निवृत्तीच्या शुभेच्छा. मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचा मी ऋणी आहे आणि सात मिनिटं केव्हाच उलटून गेल्याबद्दल अध्यक्षांचा अपराधी. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर श्रोत्यांनी ते पोटात घालावं. बाईंनी मात्र घालू नये. त्यांनी दुरुस्त्या लेखी पाठवाव्यात.

नमस्कार.