रिकाम्या खोगिराचा घाम

माझं माहेर म्हसवडाकडचं, कोरडवाहू रान, बाप मिलिटरीत, घरात म्हस हुती, चार शेळ्या हुत्या, पर घोडं म्हणशीला तर वरातीत बघितल्यालं तेवढंच, त्येबी लांबनं, कारण मला घोड्याचं लय भ्या वाटायचं, आन् काय सांगू तुमाला बाई, देवानं नेमकं घोडीच्याच घरात दिलं. औंधाच्या पलीकडं ही आमची वाडी, वाडीची देवी कडजाई, आन् कडजाईची घोडी सांभाळायचा मान आमच्या घराचा. लग्न होऊन आले तवा सासूनं चूल दावायच्या आधी तबेला दावला. म्हणली, इंदे, ही गंगी, हिच्यावर माणूस बसत न्हाई, देवी बसती. मी दारातच हुबी ऱ्हायले, पाय आत घालायला तयार न्हाई, आन् सासू हसतीया.

आता नेम सांगती, म्हंजी तुमाला पुढचं कळंल. दर मंगळवारी सकाळी गंगीवर खोगीर चढवायचं, वर देवीचा हिरवा खण घालायचा आन् लगाम धरून शिवेला एक फेरी मारायची. खोगीर रिकामं. पुढं चालणाऱ्यानं मागं वळून बघायचं न्हाई. फेरी झाली की घोडी देवळाम्होरं हुबी करायची. ती घामानं निथळायची, नाकपुड्या फुगल्याल्या, बरगड्या भात्यावानी वरखाली, आन् बाया पुढं यायच्या, त्यो घाम पदराला लावायच्या, घरी जाऊन तापल्याल्या पोराच्या कपाळाला पुसायच्या. रिकाम्या खोगिराखाली एवढा घाम कसा, तर कुणी बसल्यालं असतंय म्हणून घाम. समदी म्हणायची, मीबी म्हणायची. मालक गेल्यावर फेरीला मीच जायला लागले, तवा तर खोगीर करकरताना माझ्या कानानं ऐकलंय, पाठीमागं, चार हातावर, जड माणूस बसल्यावर चामडं करकरतं तसं. चांगलं लख्ख ऊन पडल्यालं असायचं, रानात माणसं असायची, आन् माझ्या मानेवर काटा. वळून बघायची टाप न्हाई.

दुसरा नेम लिदीचा. देवीच्या घोडीची लीद देवीच्या पट्टीभाईर टाकायची न्हाई, कुणाच्या उकिरड्यात पडली, कुणाच्या पायाखाली आली तर इटाळ. देवळामागं तळ्याच्या खालच्या अंगाला ही पट्टी, दहाबारा गुंठं असंल. तिथं लीद हातानं फोडून पसरायची, वर पाणी द्यायचं, आन् तिथलंच गवत गंगीनं खायाचं, दुसऱ्याच्या रानातली काडी न्हाई. एवढ्या दुष्काळी मुलखात ती पट्टी बारा म्हैनं हिरवीगार. लग्न झाल्यापास्नं ती लीद म्या पसरली बाई, अंघोळ करून, वल्या लुगड्यानं, पायात चप्पल न घालता. कवा आळस केला न्हाई, कवा कुणावर ढकललं न्हाई.

घोडी बदलली तरी नाव गंगीच. पयली गंगी मामंजींच्या टायमाला गेली, दुसरी आमच्या मालकांच्या. दोघी एकसारख्याच गेल्या. खाऊनपिऊन वाळायच्या, अंगावरचं केस राठ हुयाचं, पोटाखाली सूज यायची, चार पावलं टाकली की धाप, आन् माती चाटायच्या, भिंत चाटायच्या. अंगावर जखम न्हाई, गोचीड न्हाई, रगताचा थेंब कुठं सांडल्याला न्हाई, आन् घोडी आतनं रिकामी हुयाची. नाना गुरव म्हंजी आमच्या देवळाचं पुजारी, ते म्हणायचं, आई पिती तिला, आईचीच हाय, आई घिऊन चाललीया.

दुसरी गेली तवा मालकांनी अन्न टाकलं. म्हणायचं, इंदे, माझंच काय तरी चुकलं, फेरीत कवातरी मागं बघितलं असंल, आता आठवंना. म्या म्हणलं, आवं तुमी कशाला बघताय, तुमी मुंगीला दुखवत न्हाई. ऐकंनात. मंगळवारी लोटांगण घालायचं, गुडघ्याची सालटी जायाची, मी हळद लावायची, दुसऱ्या मंगळवारी परत. दोन वर्सांत गेलं. दवाखान्यात हार्ट म्हणालं. हार्ट कसलं, झुरून गेलं माझं माणूस, आपून पापी हाय म्हणून झुरून गेलं.

तिसरी गंगी तवा नवीनच आणल्याली, पांढरी, डोळ्याला काजळ घातल्यावानी. पोरगा फौजेत, घरात मी आन् सून सुरेखा, मग मान कुणी चालवायचा, तर म्या म्हणलं मी चालवती. गावानं तोंड वाकडं केलं. नानांनी समद्यांम्होरं सांगितलं, चालव, पर ही घोडी तुझ्या हातात गेली तर मान बी गेला, घोडी दुसऱ्या घरी. बाईच्या हाताला लाभली न्हाई असं म्हणू. म्या म्हणलं म्हणा. मला मानाचं काय नव्हतं वो. मला त्या घोडीचा जीव लागला हुता. घोड्याला भ्याणारी मी, पर मालक गेल्यावर घरात माझ्याकडं बघून मान हलवणारी ती एकच.

आन् सात-आठ वर्सांनी तीबी वाळायला लागली. तसंच, अगदी तसंच. म्या मनात म्हणलं, आता हिचीबी पाळी आली. पर एक इचित्र हुतं, तोंड उघडून बघितलं की हिरड्या लालभडक. नाना म्हणायचं, रगत तर हाय की, लालबुंद हाय, काय झालंय तिला. फेरीला मातर ती रडकुंडीला यायची. शेवटची चढण चढताना मला तिचं काळीज आयकू यायचं, धाड धाड धाड. आन् वर खोगीर करकरतंय. मी मनात म्हणायची, आई, उतर गं जरा, उतर, लय जड झालीस.

पोराचा फोन आला तवा रडले. त्यो म्हणला आई, आमच्याकडं वर डोंगरात खेचरं हायती, एखादं असं सुकलं की आधी रगत तपासत्यात, तू तालुक्याच्या डॉक्टरला बोलव. नानांना कळलं तसं ते काठी टेकत दारात आलं. देवीच्या घोडीचं रगत काढायचं न्हाई, सुई लावायची न्हाई, आजपातूर कुणी लावली न्हाई. म्या म्हणलं, नाना, आई पिती ते चालतंय, आन् डॉक्टर एक नळी भरून घील ते चालत न्हाई व्हय. नाना म्हणलं, इंदे, जीभ सांभाळ. म्या म्हणलं, जीभ सांभाळून दोन घोड्या आन् एक नवरा घालवला, आता न्हाई सांभाळत. बोलले खरं, पर नाना गेल्यावर तशीच देवळाकडं निघाले. देवीम्होरं जाऊन बसले, म्हणलं काय कोप करायचा तो माझ्यावर कर.

डॉक्टर आलं, गाडी लावली, गंगीच्या फासळीला कान लावून हुबं ऱ्हायलं. मग तोंड उघडलं. म्या म्हणलं बघा, लाल हाय का न्हाई. त्यांनी वलं फडकं घेतलं आन् हिरडी पुसली. बाई, फडकं लाल झालं आन् हिरडी पांढरी पडली. पांढरी म्हंजी चुन्यावानी. तबेल्यात देवीचा तांदळा हाय, म्हंजी गोल दगड, आमी त्याला शेंदूर लावतो, गंगी त्यो शेंदूर चाटत हुती दिसरात, अन्नाला आसुसल्यावानी. त्योच तोंडाला लागल्याला. आमी शेंदराला रगत समजून बसलो. डॉक्टर म्हणालं, त्यात शिसं असतंय, तेबी वंगाळ, आधी त्यो दगड हिच्या तोंडापास्नं लांब करा. मग पापणी खाली वढून दावली, आतनं गुलाबी पायजे, हिची कागदावानी. म्हणालं हा पंडुरोग, ॲनिमिया, हा सोता रोग न्हाई, ही खूण हाय, रगत कुठं चाललंय ते शोधायला पायजे.

मानेच्या शिरंतनं रगत काढलं, लीद पिशवीत घेतली. दोन दिसांनी आलं. म्हणालं, लिदीत जंताची अंडीच अंडी हायती. रगत पिणारं जंत, आतड्याला चिकटून पित्यात. म्या इचारलं लोहाचं इंजेक्शन हाणा की एखादं, बायांना देत्यात तसं. न्हाई म्हणालं, घोड्याला ते जिवावर बेतू शकतंय, आधी पिणारं काढू, रगत ती आपली आपून करती. वजन बघून जिभंवर औषध घातलं. दुसऱ्या दिशी लीद उचलाय गेले तर त्यात वळवळतंय, बोटाच्या पेरासारखं, तांबूस, जित्तं, माझ्या गंगीचं रगत पोटात घिऊन वळवळतंय.

डॉक्टरनं पट्टी बघितली, नेम इचारला, म्या सांगितला. त्यांनी टोपी काढली आन् डोकं खाजवलं. म्हणालं मावशी, लिदीतनं अंडी पडत्यात, वल्या गवतात त्याच्या अळ्या हुत्यात, गवताच्या शेंड्यावर चढून बसत्यात, घोडी त्येच खाती, परत पोटात. तुमी पाणी देताय, फोडून पसरताय, ह्यापरीस चांगली सोय जंताला कुणी करणार न्हाई. लय सादं बोललं ते, राग न्हाई काय न्हाई. म्या माझ्या हाताकडं बघितलं. ह्या हातानं पसरली वो. तिन्ही घोड्यांच्या तोंडात म्याच घातलं, अंघोळ करून, वल्या लुगड्यानं. आन् मालक आपलं पाप शोधत लोटांगण घालत हुतं, मी शेजारी हळद लावत हुते. अजून हातातली भाकरी खाली ठिवती कवाकवा, हात धुऊन येती.

मग म्या नेम मोडला. लीद रोज उचलायची, लांब खड्ड्यात ढीग घालायचा, आतनं तापून किडं मरत्यात. पट्टीत घोडी न्हाई. माझ्या रानातला लसूणघास, भिजवल्यालं हरभरं, मिठाचा खडा. फेरी बंद, सक्त आराम. ठराविक दिसांनी लीद तपासायची आन् अंडी निघाली तरच औषध. आन् रोज सकाळी फडक्यानं हिरडी पुसून उजेडाला पापणी बघायची. लय दिस पांढरीच. मग एक दिस कडंला जरा मळकट गुलाबी, म्या सुरेखाला हाका मारून बोलावलं, ये गं ये, बघ. चार म्हैन्यांनी गंगी तबेल्यात लाथा झाडायला लागली.

फेरीचा मंगळवार धरला. समदी वाडी देवळाम्होरं. म्या लगाम धरला, निघाले. बाई, मागं आवाज न्हाई. खोगीर करकरंना. डॉक्टर म्हणाल्यालं, जंतानं घोडी वाळल्याली दिसायच्या लय आधीपास्नं पाठीत झडती, मग खोगीर ढिलं पडून करकरतं. ते मला ठावं हुतं, तरीबी ती फेरी मला जेवढी भ्याची वाटली तेवढी आदूगर कवा वाटली न्हाई. एवढी वर्सं मागं कुणीतरी हुतं, आन् आता कुणीच न्हाई. परत आलो, घोडी कोरडी ठणठणीत. नानांनी खोगिराखाली हात घातला आन् रडाय लागलं. म्हणलं आई उतरली, इंदे, तू आईला उतरवलीस. बाया पदर हातात धरून तशाच हुब्या.

त्यातली एक तरणी बाई, कडंवर पोरगी, रडत पुढं आली, मावशी थोडा तरी घाम द्या, पोरगी अंगच धरंना. म्या काय देणार. पोरीची पापणी वढून बघितली, सवयच लागल्याली. पांढरी. मग त्या बाईची बघितली. चुन्यावानी. म्या म्हणलं आजच दवाखान्यात जा, दोघींचं रगत तपास, घामानं काय हुणार न्हाई. ती गेली. पर मग मला खूळच लागलं. नळावर, बचत गटात, जी गावंल तिची पापणी बघाय लागले. ये गं, उजेडाला ये. पांढरी, पांढरी, ही जरा बरी, पांढरी. दोन हंडं घिऊन चढ चढत्यात, पाठीवर कोण न्हाई, आन् घामानं निथळत्यात, धाप लागती, तोंडाला लाली लावल्याली. मी ओट्यावर बसून बघती आन् अंगावर काटा येतो बाई, ह्या समद्यांवर कोण बसलंय. घोडी लंगडली की समदा गाव जमतो. ह्यांना म्हणत्यात, बाई जरा थकलीया.

मान अजून आमच्याकडंच हाय, घोडी मेलीच न्हाई तर नेणार कसं. नाना बोलत न्हाईत, पर परवा नातीला पाठवून दिलं, पापणी दावाय. सुरेखाची बघितली तवा मला माझीच लाज वाटली, माझ्या घरात, माझ्या ताटातली उरल्याली भाकरी खाऊन ती तशी झाल्याली. आता ती माझ्याबरुबर बसून जेवती, गोळ्या घेती. गंगी म्हातारी हुईल, हू दे, हुयाला पायजे.

झालं, एवढंच माझं. लिवलं का समदं? सकाळधरनं मान खाली घालून लिवताय, मगाशी तबेल्यापतूर चालत आला तर दाराला हात लावून हुब्या ऱ्हायला, म्या बघितलं. पेन ठिवा खाली. या हिकडं, दारात या, उजेडाला. वर बघा. भ्याऊ नका, मी फकस्त पापणी वढती.

हं.

बसा बाई. गाडी जाऊ दे, दुसरी असती. सुरेखा, ताट वाढ गं, बाई जेवून जाणार हायती.