राजा तेवढा झाका

नाही झाकणार. काल चित्र देऊन गेलात तेव्हा हे बोलला नव्हतात साहेब — फ्रेम करा म्हणालात, केली असती. आज म्हणे राजा तेवढा पुठ्ठ्याखाली जाऊ दे, मोठ्या साहेबांच्या दालनात लावायचंय! — पी रे सोन्या, तुला नाही ओरडत — ह्याचे बाबा? गेलेत बहिणीकडे, महिना होत आला. दुकान मीच बघते. का, बाईनं ठोकलेला खिळा निसटतो का?

आणि चित्र तरी बघितलंत का नीट? येशू जन्मला, म्हणून गादीची धास्ती घेतलेला राजा. तान्ही पोरं मारायला शिपाई सोडलेत, आणि स्वतः बसलाय वर सज्जात, हनुवटीखाली हात घेऊन. ही आई बघा, शिपायाच्या मनगटाला चावलीये. ती चालते तुम्हाला. मेलेली पोरं चालतात, जुनी कला म्हणे! बघत बसलेला दिसला की मात्र भिंत खराब होते, होय ना? आणि हे शिपाई — येशूच्या काळात असले गुडघ्याएवढे बूट होते? असल्या पिसांच्या टोप्या? कुठल्या! ज्या तांब्याच्या पत्र्यावरनं हे छापलंय, त्यावर कोरणाऱ्यानं आपल्याच गावचे शिपाई धरून बसवलेत, वर आपल्याच गावचा कारभारी. नाव देवाच्या पुस्तकाचं, गाऱ्हाणं स्वतःचं! मला कुठलं कळायला, मी सातवी शिकलेली — आमच्या ह्यांनी दाखवलं. म्हणून तर त्यांनी तसलंच चित्र काढून बाजारात चिकटवलं, त्यातल्या शिपायांना तुमच्या शिपायांच्या टोप्या घालून. लपवायचं काय त्यात, अख्ख्या गावाला माहीत आहे. तुमची माणसं ह्यांना शोधत घर उलथंपालथं करून गेली, पाळण्यातली दुपटीसुद्धा झटकली मेल्यांनी! पोर अजून दचकून उठतं. आणि ह्यांना त्याचं काही आहे का? काल तुमचं हे चित्र मांडीवर घेऊन कितीतरी वेळ हसत बसले होते — म्हणे, ह्या कोरणाऱ्याची छाती बघ, राजाचं नाकसुद्धा सोडलं नाही —

काय झालं? काल नाही हो. मागे कधीतरी — ते दुसरं चित्र, असंच होतं — वर कशाला बघताय? माळ्यावर फ्रेमची लाकडं आहेत, दुसरं काय असणार?

साहेब, उठू नका. बसा ना. पुठ्ठा कापते मी, आत्ता कापते. झाकते राजाला. मुकुट, सज्जा, सगळं झाकते. कुठपर्यंत हवंय, नुसतं बोट ठेवा — साहेब — वर नका बघू, इथं चित्रावर बघा ना.