एक बांगडी म्हणजे हो

हॅलो? … हॅलो? कोण? … आई? तुझाच नंबर दिसायलाय. बोल ना. … हॅलो?

आवाज येत न्हाई, आई. वालूरला रेंज गेली का पुन्हा? … मी गच्चीवरच हाय, डाळ वाळू घातलीय. इथं पूर्ण्यात रेंज चांगली हाय. … तू अंगणात ये जरा.

ऊं ऊं काय करायलीस? … अगं! थांब, थांब. बोलू नको! तोंडात बोळा हाय ना? … बिलकुल बोलू नको. अक्कलदाढ काढलेल्या माणसानं फोन करायचा असतो का, आई? मी करणारच होते. … करणारच होते गं, एवढं हातातलं आवरलं की.

ऊं ऊं नको करू, टाके ओढतेत. असं कर… हातात बांगड्या हायेत ना? मी विचारते, तू फोनपाशी बांगडी वाजव. एकदा वाजवली म्हणजे हो. दोनदा म्हणजे न्हाई. … समजलं का? …

आली, आली ऐकू! एक. … हळू वाजव, काचेच्या हायेत, वाढतील न्हाईतर.

बरं. घरी कधीची पोचलीस… हां, ते कसं सांगशील. आप्पा हायेत का जवळ? … दोन. शेतातच? … मंग एकटीच हायेस. … एक. … हं.

एकटीच गेलीस, एकटीच आलीस. … न्हाई गं, काही न्हाई. मपल्याशीच बोलायलेय.

रक्त यायलंय का अजून? … एक. लय? … दोन. थुंकीत लाल दिसायलं, तेवढंच? … एक. ते चालतं, आजच्या दिवस तसं दिसतंच. घाबरू नको. … पण थुंकीत दिसलं म्हणजे तू थुंकलीस! आई? बसमध्ये थुंकत आलीस का? … वाजव की. … एक. सेलूपासून? … दोन. … परभणीपासून? … आई वं!

थुंकायचंच न्हाई म्हणून सांगितलं होतं ना तुला? दाढ काढली तिथं रक्ताची गुठळी धरते, तिच्यावरच जखम भरते. थुंकलं की ती निघून येते अन् पुन्हा रक्त चालू. … किळस आली तरी गिळायची. … आज चूळ पण भरायची न्हाई. उद्यापासून कोमट पाण्यात मीठ घाल, तेबी तोंडात हळूच फिरवायचं अन् सोडून द्यायचं. खळाखळा न्हाई.

नवीन बोळा लावलास ना? … एक. आत्ताच? … मंग तासभर दाबून धर. सारखा काढून पाहू नको.

ऊं काय? … मला कसं माहीत, म्हणून? दवाखान्यातल्या पोरीचा फोन आलता ना मला. तूच नंबर दिलतास. "तुमच्या आईचं झालंय, संगं कोणीच न्हाई, तुमी तरी नीट ऐकून घ्या," म्हणली. … सगळं सांगितलं तिनं. मी हो हो करत ऐकलं. … कुठं म्हणजे, घरीच होते. अपूजवळ, लेकरू तापलंय ना.

आले, आत्याबाई! डाळ हलवायलेय! … दोन मिनिटं!

तुला न्हाई गं. सासूबाई हाक मारायल्या खालून. … असू दे, तू ऐक.

ओठ बधिर हाय का अजून? … एक. मंग चहा घेऊ नको इतक्यात. भाजलं तरी कळायचं न्हाई. ओठ चावला तरी कळायचं न्हाई. बधिरपणा गेला की गार दूध घे. मऊ भात कर, चांगला गार होऊ दे, अन् दुसऱ्या बाजूनं खा. भाकर न्हाई. … दोन वाजवून काय उपयोग, आई? मी थोडीच म्हणायलेय, डॉक्टर म्हणलेत. … दुधात कुस्करून पण नको, कण जाऊन बसतेत जखमेत. आठ दिवस भाकरीवाचून कोणी मरत न्हाई.

शेजारच्या चांगुणाबाईकडं फ्रीज हाय ना? बर्फ आण तिच्याकडून. फडक्यात गुंडाळून गालाला बाहेरून लाव, थोडा वेळ लाव, थोडा वेळ काढ. … अन् ती तवा तापवून शेकायला येईल बघ. येऊ देऊ नको! आज गरम शेक दिला तर गाल भाकरीवानी फुगंल. … फुगणार तर हायेच. उद्या-परवा सगळ्यात जास्त फुगंल, तोंड नीट उघडायचं न्हाई, जबडा धरल्यावानी होईल. तवा घाबरून जाऊ नको. मंग उतरतं हळूहळू. … झोपताना दोन उशा घे डोक्याखाली. गोळ्या पोटात काही घातल्यावरच. अन् बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडायच्या न्हाईत, आप्पांसारख्या.

मिसरी लावलीस? … खरं सांग. … दोन. पण लावावी वाटायलीय? … एक. वाटणारच. डबी कुठंय, कमरंलाच हाय ना? … आई? … एक. माहीतच होतं मला. काढ ती. … हसू नको, खरंच सांगायलेय. तंबाखू गेली त्या खड्ड्यात की गुठळी वाळून पडते, आतलं हाड उघडं पडतं. मंग तीन-चार दिवसांनी असा ठणका उठतो, दाढ होती तेच बरं होतं म्हणशील. … डबी आप्पांजवळ दे. … दोन? … मंग चांगुणाबाईला दे. … तेबी दोन! बरं, लिंगपूजेच्या कोनाड्यात ठेव, म्हणजे हात लावायला लाज तरी वाटंल. … एक. अन् संध्याकाळची पूजा मनातल्या मनात कर. मंत्र पुटपुटायचा न्हाई. शिव काय रागवत न्हाई एक दिवस.

बरं, मंग ठेवू? पडून राह्य जरा. … दोन. … न्हाई? काय झालं? दुखायलंय लय? … दोन. चक्कर यायली? … दोन. गोळ्या सापडंनात का? … दोन. मंग फोन कशासाठी केलतास, आई? बोलता येईना, अन्…

… अपू? अपूचं विचारायलीस का? … एक.

… अपूचा ताप?

… एक.

… उतरला. … हो, उतरला सकाळीच. तू तुपलं बघ ना आई, पोरांना काय, येतो अन् जातो ताप. … दोन? दोन काय? उतरला म्हणलं ना. … अगं दोन-दोन काय वाजवायलीस? विश्वास न्हाई का मपल्यावर? … दोन. … म्हणजे हाय का न्हाई? … बरं, तसं न्हाई. मंग काय? डॉक्टरला दाखवलं का, असं? … दोन.

थांब, एकेक विचारते. अपूचंच हाय ना? … एक. जेवली का? … दोन. कुठंय? कुठंय असं? … एक. खाली हाय, आजोबांजवळ. … पुन्हा दोन! आत्ताचं न्हाई? … मंग… सकाळचं? … एक.

सकाळी अपू कुणाजवळ होती, असं विचारायलीस?

… एक.

आई… तू मला पाह्यलंस का? परभणीत?

…

… एक.

साडीच्या दुकानात. … एक. … हं.

मी बी तुला पाह्यलं, आई.

काचेतून. पायीच चाललतीस, तोंडाला पदर लावून, पिशवी काखेत, एक हात गालावर. अन् मी… मी वाकले खाली. साड्यांच्या गठ्ठ्यामागं. आत्याबाई म्हणल्या काय पडलं गं, तर मी म्हणले पिन पडली. वर आले तवर तू पुढं गेलतीस. … मला वाटलं तुला मी दिसलेच न्हाई. देवा, बरं झालं, असं वाटलं. आईला आपण दिसलो न्हाई म्हणून बरं वाटलं मला!

… तू हाक कशी मारशील, बोळा होता. पण हात तरी करायचा ना. … कामून न्हाई केलास? … मुद्दाम न्हाई केला? … एक. आत्याबाई होत्या संगं, म्हणून? … एक. … मपली पंचाईत होईल म्हणून.

… एक.

अन् तसंच रक्त गिळत, न्हाई, थुंकत… घरी गेलीस, अन् तुला फिकीर कशाची, तर मी सासूला घेऊन साड्या पाहायलेय, मंग पोर तापात कुणाजवळ टाकली. तेवढ्यासाठी फोन केलास. … एक. वाजवू नको. वाजवू नको, आई, कळलं मला.

ताप न्हवता तिला.

… ऐकलंस का? आज न्हवता, कालबी न्हवता. मी खोटं बोलले तुझ्याशी. नणंदेच्या साखरपुड्याच्या साड्या आजच घ्यायच्या ठरल्या, अन् मपल्या तोंडातून निघंचना की मला आज जमायचं न्हाई, मपल्या आईची दाढ काढायचीय. वाटलं, आत्याबाई म्हणतील दाढच ना, बाळंतपण हाय का? … म्हणून तुला अपूचं नाव सांगितलं. पोटच्या पोरीला ताप चढवला मी, तोंडानं.

किती दिवसांपासून म्हणायलतीस, हाड कापून काढणार म्हणतेत, मला भ्याव वाटतं, एकटीला नको वाटतं. अन् मीच म्हणलते, मी येते, खुर्चीजवळ हात धरून बसते. … ती पोरगी फोनवर म्हणली की सुई देताना आजी सारखं दाराकडं पाहायल्या. दुकानात, इतक्या लोकांत, ऐकलं मी ते. आत्याबाई म्हणल्या कुणाचा फोन, तर म्हणले मोबाईल कंपनीचा. … परत येताना गाडी पिंगळीला थांबली, वाटलं उतरावं अन् मागं फिरावं. गाडी सुटली. बसले तशीच.

… आई? … हायेस ना? … रागवलीस? एक वाजव न्हाईतर दोन वाजव, पण वाजव. … आई? … आई, काहीतरी वाजव.

… काय? … बोळा काढलास? अगं घाल आधी! बोलायचं न्हाई! … काय म्हणायलीस? … न्हाई. खरंच न्हवता. … अपूची शपथ… न्हाई, शपथ नको तिची. ठणठणीत हाय, आई. खाली आजोबांच्या पाठीवर बसलीय. … रडायलीस का? … हसायलीस? अगं हसतीस काय, टाके उसवतील!

… बरं झालं? बरं काय झालं, आई? मी फसवलं तुला. तू तिथं एकटी बसलीस, अन् मी हिरवी घ्यावी का निळी ते पाहायले. अन् तू म्हणतीस बरं झालं, लेकराला ताप न्हवता? … राग येऊ दे ना थोडा. शिव्या दे मला. … न्हाई, शिव्या पण नको, तोंड बंद ठेवायचंय तुला. … घाल बोळा. दाब. … घातला? … एक.

थांब. ठेवू नको हं. फोन चालूच ठेव.

… आत्याबाई! … आत्याबाई, मी वालूरला चालले! … हो, आजच. आत्ताची गाडी सापडंल सेलूपर्यंत. … मपल्या आईची अक्कलदाढ काढलीय. … आज सकाळी. … परभणीतच. आपण साड्या पाहायलो तवाच. … हो, मागच्याच गल्लीत. … माहीत होतं. … हो, मला माहीत होतं. … न्हाई, एकटीच गेलती. … काय म्हणलात? … … हं. … हो. …

आई? … हायेस? … एक.

आत्याबाई जिना चढून वर आल्यात. इथंच उभ्या हायेत. … त्या म्हणायल्या, वेडी हायेस का? आधी कामून न्हाई सांगितलं? साड्या कुठं पळून चालल्या होत्या? म्हणायल्या, मी बी येऊन बसले असते तिथं विहीणबाईजवळ. …

मी विचारलंच न्हवतं, आई. एकदाबी न्हाई. मीच ठरवून मोकळी झाले की त्या न्हाई म्हणणार. अन् तूबी तसंच धरून चाललीस, मपल्यापायी. म्हणून गल्लीतून मुक्यानं निघून गेलीस.

… हो आत्याबाई, सांगते. … शेवयाची खीर देणार हायेत डब्यात. गार करून खायची, म्हणतेत. … अन् बोळा दाबून धरा म्हणतेत. त्यांची बी काढली होती म्हणे. मला हेबी माहीत न्हवतं.

… दोन? येऊ नको? … आई, तू दिवसभर थुंकू नको म्हणलेलं ऐकलंस का? मंग मी बी ऐकत न्हाई. अपूला घेऊन येते. कपाळाला हात लावून बघ तू, खात्री कर. … एक. बघ, तिच्यासाठी लगेच एक!

अन् मी? … मी येऊ का, आई?

…

… एक.

… हळू वाजव. वाढतील. … ठेवते.