आत्याबाईंनी खुनी सांगितला नाही

माथा देवापुढं टेकवला, कान तुमच्याकडं लावले, आणि आता तोंड उघडतोय — सांभाळून घ्या, मंडळी!

आज प्रश्न एकच. बोलणं अवघड की गप्प बसणं? ... हां! कोपऱ्यातून आवाज आला, 'गप्प बसणं'. बाबा, तुमचं लग्न झालेलं दिसत नाही. झालेल्याला त्याचा सराव असतो! हसू नका मावशी, तुमच्याकडंही येणार आहे मी. पण ज्याला पोटातली गोष्ट पोटात ठेवता येत नाही, ज्याची अख्ख्या पंचक्रोशीत तशी ख्याती, असा माणूस गप्प बसू शकतो का? ऐका तर मग!

कोल्हापुरात रमाकांतराव बावडेकर म्हणून एक गृहस्थ. धंदा मांडवाचा. लग्न असो, बारसं असो, मांडव ह्यांचा. चांगलं चाललेलं हो! पण मनात काय आलं? सिनेमा काढायचा! आणि कसला? देवाधर्माचा नाही, खुनाचा! शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत कळायचं नाही, खून कुणी केला. नाव ठेवलं 'कालव्याच्या पलीकडे'.

खर्च किती? तीन कोटी! मुंबईवाल्यांना विचाराल तर म्हणतील, मध्यम बजेट. अहो, तुमचं मध्यम, आमचं घरदार! रमाकांतरावांनी राहतं घर आणि मांडवाचं गोदाम, दोन्ही बँकेत गहाण टाकलं. बायको शैलाताई. ती एवढंच म्हणाली, "घर टाकलंत ते टाकलंत. खुनी कोण ते मात्र मला सांगू नका. मी थिएटरात बघणार." काय बाई आहे बघा! छप्पर गहाण, आणि हिला गोष्ट पुरी बघायचीय!

आता हिशेब ऐका, थोडासाच आहे. पेटीवाले, झोपू नका! शंभराचं तिकीट फाटलं, त्यातला कर गेला, थिएटरचा वाटा गेला, वितरकाचा गेला. रमाकांतरावांच्या हातात चाळीसेक रुपये. म्हणजे तीन कोटी परत यायचे तर खिडकीवर सात-साडेसात कोटी जमले पाहिजेत. नाही जमले तर? तर घराला बँकेचं कुलूप!

म्हणून हा माणूस प्रत्येक रुपया वाचवायला बघायचा. शेवटचा प्रसंग असा, की भर गावात, देवळासमोर, चारशे माणसांच्या गर्दीत खुनी धरला जातो. मुंबईहून गर्दी आणायची तर लाखात खर्च. हे म्हणाले, कशाला? तळणी गावात शूटिंग करतोय, तळणीचीच माणसं उभी करू! दोन वेळचं जेवण घातलं, काम फत्ते. चेहरे खरे, किंकाळ्या खऱ्या. रमाकांतराव खूश! बचत झाली, बचत झाली!

सिनेमा पुरा झाला, जाहिराती लागल्या, आणि एक दिवस शैलाताईंनी सहज विचारलं, "अहो, शेवट आत्तापर्यंत किती जणांनी बघितलाय?"

"चारशे—" म्हणाले, आणि हातातला घास हातातच राहिला!

मंडळी, ज्या सिनेमाचं सगळं भांडवल एका नावात, ते नाव अख्ख्या गावाला पाठ! धावत गेले तळणीला. सरपंच नंदाताईंचे पाय धरले. नंदाताईंनी सगळ्यांना भैरोबाच्या देवळात बोलावलं, भंडारा उचलून एकेकानं आण घेतली, खुनी कोण ते सांगणार नाही. झालं? नाही झालं! कारण सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथं बसलेल्या अनुसयाआत्या!

आत्यांची पिठाची चक्की. दळण टाकलं, की पीठ घरी पोचायच्या आत तुमची बातमी शेजारच्या गावात! शूटिंगला सगळ्यांत पुढं उभ्या. आता करायचं काय? नंदाताई म्हणाल्या, "आत्या, तुमी म्हैनाभर लेकीकडं जावा, इचलकरंजीला. तितं तुमाला कोन इचारतंय!"

"म्हंजी माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?" आत्यांनी विचारलं.

रमाकांतराव चपलांकडं बघत राहिले. बाई उठली, पिशवी भरली आणि एसटीत बसली. वाईट वाटलं हो तिला! बडबड्या माणसालाही वाईट वाटतं, एवढं लक्षात ठेवा.

आणि ह्या शहाण्यांची अक्कल बघा! तळणीत एक तरी थिएटर होतं का? नाही. सिनेमा लागणार कुठं? इचलकरंजीत! ज्या तोंडाची भीती, ते तोंड ह्यांनी तिकीट काढून थिएटरच्या दारात पोचवलं!

शुक्रवार उजाडला. पहिला खेळ. चारशे खुर्च्या, चौदा माणसं, त्यातली दोन गारव्याला आलेली. शनिवारी तीच कथा. मॅनेजर म्हणाला, "शेठ, रविवार बघतो. नाहीतर सोमवारी उतरवणार." आणि एका ठिकाणी उतरला की दुसरीकडंही उतरतो, ही त्या धंद्याची रीत. म्हणजे राहिला फक्त रविवार!

रविवारी दुपारचा खेळ. रमाकांतराव मागं दाराशी उभे. बाल्कनीत पन्नासेक माणसं. मध्यंतर झालं, दिवे लागले, आणि बघतात तर चौथ्या रांगेत लेक-जावयाच्या मधोमध — अनुसयाआत्या!

गेलं! घर गेलं, गोदाम गेलं!

तेवढ्यात जावई महादेव मोठ्यानं म्हणाला, "आत्याबाई, तुमच्याच गावात शूटिंग झालं की! सांगा, खुनी कोण?" झालं! पुढचा वळला, मागचा वाकला, चहाला निघालेले परत फिरले. सगळी बाल्कनी म्हातारीभोवती! "सांगा की आज्जी!" "तो डॉक्टर का?" "वहिनी असणार, लावा पैज!"

आत्यांनी पदर सावरला. घसा साफ केला. तोंड उघडलं... मृदंगवाले, जरा थांबा! उघडलं तोंड, मंडळी. रमाकांतरावांनी डोळे मिटले. नाव जिभेच्या टोकावर आलेलं. आणि—

आणि मिटलं! म्हणाल्या, "मला ठावं हाय. माझ्या डोळ्यांदेखत धरला त्याला. पर सांगायची न्हाई. बसा गप, बघा!"

हे ऐकून लेकीच्या हातातली लाह्यांची पुडी खाली पडली! आणि त्या पन्नास जणांतला एकही उठून गेला नाही. शेवट आला तेव्हा अख्खी बाल्कनी उभी! बाहेर पुढच्या खेळाची माणसं. त्यांनी विचारलं, "कोण रे खुनी?" तर हे छाती काढून म्हणतात, "आम्ही नाही सांगत. आज्जीनं नाही सांगितलं!" लागण झाली हो, न सांगण्याची!

रमाकांतरावांनी जिन्यातच आत्यांचे पाय धरले. "आत्या, मी तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता."

"बरं केलंस," आत्या म्हणाल्या. "माझा बी न्हवता. तोंड उगडलं व्हतं बाबा! पर जावयाकडं बघितलं. धा वर्सांत पयल्यांदा माज्या तोंडाकडं टक लावून बसलेला. समदी तशीच. म्हनलं, ह्यांचा म्होरला तास ह्यांचा हाय. म्या कशाला खाऊ?"

सोमवारी सिनेमा उतरला नाही. मंगळवारी खेळ वाढला. सांगली, सातारा, पुणे! बाहेर येणारा प्रत्येक जण विचारणाऱ्याला म्हणायचा, आत जा आणि बघ. पाच आठवडे चालला. खिडकीवर साडेसात कोटी ओलांडले. फार राहिलं का? नाही हो! बँक फिटली आणि मांडवाला नवं कापड आलं, एवढंच. पण घराची कागदपत्रं हातात पडली, त्या दुपारी रमाकांतराव जेवून जे आडवे झाले, ते दिवेलागणीला उठले. शैलाताईंनी उठवलं नाही. किती महिन्यांनी झोपलेला माणूस! ती आपली उंबऱ्यावर बसून त्याचं घोरणं ऐकत होती आणि डोळे पुसत होती. सुटलो बाई, म्हणाली. आणि सांगतो तुम्हाला, हे ऐकलं तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला!

हसलात. बरं वाटलं. आता तुमच्याकडं येतो.

आपण काय करतो? मध्यंतरालाच शेवट सांगतो! शेजारच्या पोरानं दुकान टाकलं — "चार महिने चाललं तर खूप!" पोरगी पुन्हा परीक्षेला बसली — "नाही व्हायची ती पास." कुणी दवाखान्यात पडलंय — "आता काही खरं नाही त्याचं." आणि हे कुठं सांगतो? त्याच्या कानावर जाईल तिथंच! अहो, आत्यांना शेवट खरोखर माहीत होता, तरी त्या गप्प बसल्या. तुम्हाला-मला काडीचं माहीत नसतं, आणि आपण सांगत सुटतो!

प्रसाद घ्या, आणि घरी जाताना वाट थोडी वाकडी करा. ज्याचा शेवट तुम्ही परवाच जाहीर करून टाकलात, त्याच्या दारात थांबा. विचारा, "कसं चाललंय रे?" आणि मग, माझ्या मायबापांनो, तो सांगेल ते ऐका.