तळ्याकाठचं माहेर

ऐका, जावईबापू. तो मोबाईल जरा खाली ठेवा. उद्या ऐन पंचमीला पोरंबाळं घेऊन कोकणात निघालाय, चांगलं हाय. समुद्र बघा, मासं खावा. पर तुमचा मोबाईल तळ्याकडची वाट दाखवतोय न्हवं? जवळची हाय म्हणतोय? त्याला काय कळतंय! त्याला वाट दिसती. वाटंवर कोण उभं हाय ते दिसत न्हाई.

बसा. मंदे, तू बी बस. तुझा नवरा हसतोय बघ, हसू दे. तू व्हतीस त्या गाडीत. चार वर्सांची व्हतीस. तुला कायबी आठवत न्हाई, तेच बरं हाय.

तवा माझी वडापची जीप व्हती. दिसभर फाट्यावर उभं ऱ्हायचं, गावांची नावं वरडायची, दहा माणसांच्या गाडीत बावीस कोंबायची. माझ्या आवाजावर म्हशी बिथरायच्या, असा आवाज.

आन् तुमची सासू. ती काय तिथं वाती वळत बसलीया, तिच्या तोंडावर सांगतो. हिला माहेर न्हवतं. आई बाळंतपणात गेली, बाप पटकीनं गेला. चुलत्यानं वाढवली, लगीन लावून दिलं आन् हात झटकलं. परत कधी आमच्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला न्हाई. पंचमी आली की गल्लीतल्या सगळ्या सुना माहेराला निघायच्या. कुणाचा भाऊ न्यायला यायचा, कुणाचा बाप. माझ्याच जीपमधनं जायच्या की! नवा चुडा, खिदळणं, गाणी. आन् ही दारात उभी. रडायची न्हाई. गाडी वळंपातूर नुसती बघायची. मला आरशात दिसायची. लई लागायचं मला ते.

एका पंचमीला म्हणलं, "हौसा, पिशवी भर. ह्या साली तू बी जायाचं. तुला कोकण दावतो."

तर म्हणती, "कोकणात कोण हाय आपलं?"

"समुद्र हाय की!"

हसली. ती हसली म्हंजी मला सगळं मिळालं.

पर माझी खोड काय? एक फेरी मारून निघू. मग आणिक एक. निघंपातूर दिवेलागण झाली. सगळ्यांनी सांगितलं, "शिदू, सकाळी जा. पंचमीच्या राती तळ्याकडनं जाऊ नगंस." शहाण्याला शब्दाचा मार म्हणत्यात. मी कुठला शहाणा! म्हणलं, गाडी माझी, वाट माझ्या पायाखालची. निघालो.

श्रावणाची भुरभुर. काचंवर पाणी. फाट्याला दोन वाटा, एक डोंगरावरनं, एक तळ्याच्या काठानं. काठची घेतली. तळं डाव्या हाताला. काळं, सपाट, आवाज न्हाई. बेडूक न्हाई, रातकिडा न्हाई! श्रावणात तळ्यावर बेडूक वरडत न्हाई, असं कुठं असतं व्हय? तवाच वळायला पायजे व्हतं.

आन् वळणावर कंदील. मधोमध. करकचून ब्रेक मारला.

म्हातारा व्हता. धोतर, पटका, खांद्यावर घोंगडं. खिडकीपाशी आला. म्हणला, "या जावईबापू. लई उशीर केलासा. पुढं ओढा भरलाय, वाट न्हाई. घरला चला."

ऐका हां. मला आयुष्यात कुणी जावईबापू म्हणलं न्हवतं. सासुरवाडीच न्हाई तर म्हणणार कोण? मला वाटलं बोलायची पद्धत असंल. पर त्यो हिच्याकडं वळला आन् म्हणला, "आलीस व्हय बाय? तुझी आई दुपारपासनं दारात हाय."

मी म्हणलं, "आजा, तुमची काय तरी चूक—" तर हिनं माझा हात दाबला. गप्प!

काठावरच घर. शेणानं सारवलेलं अंगण, आढ्याला झोपाळा, दारात रांगोळी. एवढ्या भुरभुरीत रांगोळी जशीच्या तशी. म्हातारी बाहेर आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुकू. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आन् हिला पोटाशी धरली. हौसा खांबासारखी उभी. मग हळूहळू तिनं मान म्हातारीच्या खांद्यावर टाकली. मी अंगणात उभा, पिशव्या हातात. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आता आपल्याकडची रीत बघा. पाण्याच्या तांब्याआधी काय विचारत्यात? गाव कंचं, पाव्हणं कुणाचं. ह्यांनी गाव विचारलं न्हाई. नाव विचारलं न्हाई! माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई? ताट पुढं आलं व्हतं, म्हणून.

पंचमीला तवा ठेवत न्हाईत, चिरत न्हाईत. उकडलेली पुरणाची दिंडं, वर तुपाची धार. मी खादाड माणूस. अकरा खाल्ली. टोपलं भरलेलंच! वाफ तशीच! म्हातारा म्हणतोय, "घ्या की, लाजताय व्हय?" मंदी आजाच्या मांडीवर. आतल्या खोलीत म्हातारी हौसाच्या केसांना तेल लावतीया. असं पुरण, असं तूप, असा मऊ हात मी उभ्या जन्मात बघितला न्हाई.

झोपलो. जागा झालो. अंधार. म्हणलं, उजाडलं की निघू. म्हातारी म्हणली, "उजाडू दे की. चार घास खावा." खाल्लं. झोपलो. जागा झालो. अंधार! परत ताट. परत झोप. परत अंधार!

मग सहज हनवटीवर हात गेला. आवो, दाढी! सकाळी गुळगुळीत करून निघालेलो मी, आन् हाताला चार दिसांची दाढी लागली. चार दिस! आन् रात एकच. कंदिलातलं तेल तेवढंच.

मंदीला उठवलं, म्हणलं, "चल बाळा, आपल्या घरला जाऊ." तर ही पोरगी म्हणती, "ह्येच की आपलं घर." म्हणलं, "न्हाई गं, आपलं गाव..." आन् थांबलो.

गावाचं नाव आठवंना.

दिसातनं शंभर बारी वरडणारा मी. ज्या नावावर म्हशी बिथरायच्या, ते नाव. तोंड उघडलं, जीभ हलवली. काय न्हाई! सगळं पुसलेलं. जावईबापू, मी घाटात ब्रेक फेल झाल्यावर बी असा भ्यालो न्हवतो.

पोरीला काखंत मारलं आन् दार उघडलं. आन् तिथंच उभा ऱ्हायलो.

अंगण न्हवतं. पाणी. चारी बाजूंनी पाणी. घर तळ्याच्या मधोमध! ढग गेलेलं, वर चांदण्या, खाली बी तेवढ्याच चांदण्या. लाट न्हाई. माझी जीप टपापातूर बुडालेली, आन् पाण्याखाली तिचं दिवं अजून चालू. आन् त्या पाण्यावर, वर म्हणतोय मी, वर, म्हातारा कंदील घेऊन उभा.

"कुठं निघालासा जावईबापू? रातचं पाण्याला निघू नये."

डरकाळी न्हाई, डोळं वटारणं न्हाई. मायेनं म्हणला. मला पळायला सुचलं न्हाई. हात जोडावंसं वाटलं. देवळात वाटतं न्हवं, तसं.

आत पळालो. म्हणलं, "हौसा, ऊठ! ही माणसं न्हाईत!"

ती झोपाळ्यावर बसलेली. वेणीत केवडा. हातात हिरवा चुडा. म्हणती, "ठावं हाय मला."

"कधीपासनं?"

"पहिल्या घासापासनं. धनी, माझं डोस्कं आजवर कुणी मांडीवर घेतलं न्हाई. आणिक एक दिस ऱ्हाऊ. एकच."

हाताला धरून वढायचं? हिच्या जन्माची भूक व्हती ती. मी काय केलं, पोरगी तिच्या मांडीवर दिली. नुसती दिली. मंदी गार पडलेली. पावसात ऱ्हायलेल्या दगडासारखी गार. डोळं उघडं, पर आईला वळखीना. हौसानं तिचं पाय चोळलं, हात चोळलं, हाका मारल्या. पोरगी हसती आन् म्हातारीकडं बघती.

मग उठली तुमची सासू. मला वाटलं आता रडंल, शिव्या घालंल. न्हाई! पदर डोक्यावर घेतला, चुलीपाशी गेली आन् म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं.

"आई, माझी ओटी भर. मला सासरी लावून दे."

चूल थांबली. जाळ जिथल्या तिथं उभा. म्हातारा दारात आला.

म्हातारी म्हणली, "आत्ताच? रात हाय बाय. पंचमी झाली की जा."

"पंचमी झाली आई. तू पोटभर घातलंस, न्हाऊ घातलंस, झोका दिलास. आता लेकीनं किती ऱ्हायचं? माझं घर उघडं पडलंय, माझं माणूस उभं हाय. मला रिकाम्या ओटीनं जायला लावू नगंस."

ऐका. लेकीनं ओटी मागितली, तर न्हाई म्हणणारी आई दुनियेत न्हाई. जितीबी न्हाई आन् मेलेलीबी न्हाई.

म्हातारी उठली. सूप आणलं. हळद, कुकू, खण, नारळ, तांदूळ. हिला पाटावर बसवली. पहिली ओंजळ घातली आन् घराच्या भिंतींतनं पाणी गळाय लागलं. भिंती रडत व्हत्या, जावईबापू! दुसरी ओंजळ, माझ्या गावाचं नाव माझ्या तोंडात आलं. मी वरडलोच! तिसरी ओंजळ, बाहेर पाणी मागं सरलं, घळाघळा आवाज. चौथीला मंदी रडली. आईच्या नावानं रडली. त्या रडण्यासारखं गोड मी आजवर काय ऐकलं न्हाई. पाचवी ओंजळ घालताना म्हातारीचा हात उचलंना. म्हाताऱ्यानं खालनं हात लावला. दोघांनी मिळून घातली.

"दिल्या घरी सुखी ऱ्हा," म्हणली. बस्स.

म्हातारा पुढं, कंदील घेऊन. आमची गाडी मागं. इंजान एका किल्लीत चालू, थेंब पाणी न्हाई. बाप लेकीला शिवंपातूर पोचवतो, तसा त्यो डांबरी वाटंपातूर आला. तिथं थांबला. पलीकडं पाय टाकला न्हाई. मी आरशात बघितलं. कंदील, मग नुसता उजेड, मग उजाडलेलं तळं.

डोंगरावर एक चहाची टपरी व्हती. मालकानं आमच्याकडं बघितलं आन् त्याच्या हातातली किटलीच सुटली. म्हणला, "तळ्याकडनं आलासा? जिती?" मग बोलला. पंचमी होऊन चार दिस झालं व्हतं. तळ्याकाठी दोन पिढ्यांमागं एक घर व्हतं. एकुलती लेक पंचमीला यायची, पलीकडच्या काठावरनं होडीतनं. एका साली आईबाप सोडीनात. जेवून जा, चहा घेऊन जा, थांब गं जरा. असं करता करता रात झाली. घाईघाईत ओटी न भरताच होडीत बसली. होडी उलटली. तिला हुडकाय दोघं पाण्यात गेली, ती गेलीच. "तवापासनं काठावर गाड्या घावत्यात," म्हणला. "माणसं घावत न्हाईत."

हौसानं पदर सोडून बघितला. तांदूळ व्हतं. कोरडं, पांढरं, वासाचं. ओटीचा तांदूळ दुसऱ्याला देत न्हाईत. घरी येऊन हिनं एकटीनं शिजवून खाल्ला. मी बघत बसलो.

तर ही गोष्ट. भुताला भ्यावं म्हणत्यात. ती दोघं वाईट असती तर मी सांगितलंच नसतं. वाईटाला माणूस वळखतो, पळतो. पर जिथं पोट भरतं, डोक्यावरनं हात फिरतो, तिथनं उठायचं कसं? म्हणून सांगतो, वरच्या वाटंनं जावा. वेळ लागू द्या. वळणावर कुणी कंदील दावला, जावईबापू म्हणलं, तरी काच खाली करू नका.

आन् आता खरं सांगू? ही गोष्ट तुमच्यासाठी न्हाईच. दर साली पंचमीच्या तोंडावर सांगतो मी, ऐकायला कुणी असू नसू. हिच्यासाठी सांगतो. काल हिनं मंदीला विचारलं, तुमच्या गाडीत एक जागा हाय का म्हणून. चाळीस सालात घर सोडलं न्हाई, मंदी मुंबईला बोलावती तर गुडघं दुखत्यात, आन् उद्या कोकणात जायाचंय! परवा बाजारातनं नऊवारी लुगडं आणलंय, हिरवं. ह्या घरात नऊवारी नेसतंय कोण? हिनं स्वतः सोडून वीस वर्सं झाली. कुणासाठी आणलंस म्हणून विचारलं. बोलली न्हाई. आता बी बोलत न्हाई बघा. खाली मान घालून वाती वळतीया.

हौसा, जावयाला सांग की वरच्या वाटंनं घ्या म्हणून. एकदा म्हण. माझ्यासाठी म्हण की गं.